अव्वाची जागा

अव्वा गेल्याचा फोन आला तेव्हा महानंदा उमरग्यात पोरांच्या डब्याच्या चपात्या लाटत होती. तिनं गॅस बंद केला, पिठाचे हात धुतले आणि नवऱ्याला म्हणाली, "अण्णांना विचारा, खड्डा कुठं घेत्यात." नवरा बघतच राहिला. आई गेली तर माणूस आधी रडतं, मग बाकीचं. पण तिच्या माहेरी, बिराजदारांच्या घरात, हा प्रश्न कितीतरी वर्षं दाराशी बसून होता, आणि आज तो उठून आत येणार हे महानंदाला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

लिंगायतात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. सास्तूरच्या रुद्रभूमीत अप्पांच्या समाधीशेजारी एका माणसाची जागा राखलेली होती आणि ती अव्वाची, असं अख्खं गाव धरून चाललं होतं. एकटी अव्वाच धरून चालली नव्हती. सणावाराला लेकरं जमली, जेवणं झाली, की सुपारी कातरता कातरता ती म्हणायची, "मला त्यांच्याजवळ नगा नेऊ. मला शेताच्या खालच्या पट्टीत ठेवा, नीलाजवळ." अप्पा होते तोवर त्यांच्यासमोरही म्हणायची. अप्पा हसायचे, जिवंतपणी छळलं तेवढं पुरे म्हणते, म्हणायचे.

नीला म्हणजे महानंदाची थोरली बहीण. भूकंपाच्या पहाटे माळवद खाली आलं तेव्हा दोघी बहिणी एकाच वाकळेत झोपल्या होत्या. अव्वानं मातीत हात घातला तो आधी महानंदाला लागला. तिला ओढून बाहेर काढून पुन्हा हात घालेपर्यंत उशीर झाला. पुढं दोन-तीन दिवस गावात दारं, तुळया, खाटा, जे मिळेल ते रचून एकत्रच सरणं पेटत होती. कुणाला जाळायचं आणि कुणाला पुरायचं हे बघायला कुणाला सवड नव्हती. अव्वानं नीलाला त्या रांगेतून उचलून आणलं, आपल्या लुगड्यात गुंडाळलं आणि अप्पांना बरोबर घेऊन भर पावसात खालच्या पट्टीत स्वतःच्या हातानं पुरलं. थोरला भाऊ बसप्पा, म्हणजे अण्णा, तेव्हा सोलापुरात शिकत होता. तो पोचला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

खुणेला ठेवलेला दगड एका वर्षी बटईदाराच्या नांगरानं उलथला. तेव्हापासून दर नांगरटीला अव्वा पट्टीत जाऊन त्या जागेवर फतकल मारून बसायची. आधी बैल असायचे, मग ट्रॅक्टर आला, तरी ही बसलेलीच. ड्रायव्हर वळसा घालून जायचा आणि पारावर येऊन तिच्या बसण्याची नक्कल करून दाखवायचा. लोक हसायचे. हसण्यासारखंच होतं ते, पण बिराजदारांच्या घरात कधी कुणी हसलं नाही.

महानंदा सास्तुरात पोचली तेव्हा अव्वाला आंघोळ घालून ओसरीत भिंतीशी बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात लिंग, अंगावर नवं लुगडं. स्वामी शेजारी बसून बारीक आवाजात मंत्र म्हणत होते. महानंदानं अव्वाच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. गुडघा गार होता. तिला वाटलं होतं रडू येईल, पण आलं नाही. बाहेर अंगणात गावातला ज्ञानोबा कुदळ आणि फावडं घेऊन उभा होता. कुणाच्याही घरी माणूस गेलं की कुदळ घेऊन सगळ्यांच्या आधी पोचायचं हा त्याचा रिवाज. काळ्या रानात माघातलं खोदकाम म्हणजे दगडाशी कुस्ती; लवकर हात घातला तरच दुपारपर्यंत खड्डा होणार, म्हणून तो पुन्हा पुन्हा जागा विचारत होता. बसप्पानं एकदाची सांगितली, खालची पट्टी. ते ऐकून त्याचा मुलगा विरेश पुढं आला आणि म्हणाला, बाबा, जरा आत या.

आतल्या खोलीत चौघं उभे राहिले. बसप्पा, त्याची बायको द्वारका, महानंदा आणि विरेश. बसायचं कुणाला सुचलं नाही.

विरेशचं म्हणणं साधं होतं. खालची पट्टी करारात आहे, तिथं खोदता येणार नाही.

हा करार गावात नवा नव्हता. विरेश पुण्याच्या एका कंपनीसाठी काम करायचा, आणि सास्तूरच्या साठेक घरांनी आपापला जमिनीचा तुकडा त्याच्याच शब्दावर कंपनीच्या झाडांना दिला होता. कुठल्या तरी लांबच्या देशात कुणी विमानं उडवतं, कुणी सिमेंट भाजतं, त्याचा धूर आभाळात जातो. तेवढाच धूर इकडं आपल्या करंज-शिवणीनं गिळला असं मोजलं जातं, आणि ते मोजमाप बाजारात विकलं जातं. त्यातला वाटा शेतकऱ्याला. पहिल्यांदा विरेशनं हे पारावर समजावून सांगितलं तेव्हा लोकांनी त्याला हवेचा दलाल म्हणून नाव ठेवलं. तो चिडला नाही. पोराचा त्यावर खरोखर विश्वास होता. त्याच्या शाळेच्या वर्षांत एकदा उभी ज्वारी गारांनी झोडली, पुढच्या वर्षी पाऊसच फिरकला नाही, त्याच्या पुढं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात कुजलं. हे आभाळ माणसानंच बिघडवलंय आणि ते सावरायला आपल्या पट्टीतली झाडंही कामी येतील, हे जेव्हा तो शिकला तेव्हा त्याला आयुष्यात पहिल्यांदा आपण काहीतरी करू शकतो असं वाटलं होतं.

करारात पानं पुष्कळ होती. विरेशनं गावासाठी त्यांचं एक वाक्य केलं होतं. चाळीस वर्षं झाडाला कुऱ्हाड नाही, जमिनीला कुदळ नाही. ते लोकांना पाठ झालं, आणि सांगून सांगून त्यालाही.

"माझी माय हाय रं ती," बसप्पा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "तिला टेकायला चार हात जागा द्यायची तर आता पुण्याला विचारायचं का?"

"पुण्याचं राहू द्या, बाबा. साहेबांचा फोन तसाही लागत नाही." विरेशनं अंगणाकडं बघितलं. "बाहेर ज्ञानोबाकाका कुदळ घेऊन उभे आहेत. त्यांना मी काय सांगू?"

ज्ञानोबाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं. गेल्या वैशाखात ज्ञानोबाची विहीर आटली. भावाच्या विहिरीचं पाणी आणायचं तर पाइपलाइनची चारी त्याच्याच करारातल्या झाडांमधून काढावी लागणार होती. तो विरेशकडं विचारायला आला होता. विरेशनं त्याला चहा पाजला, हात धरून समजावलं, आणि नाही म्हणून सांगितलं. ज्ञानोबानं ऐकलं. दुसरीकडून पाणी आणायला शेजाऱ्यांच्या परवानग्या गोळा करेपर्यंत त्याची मोसंबी उभ्या उभ्या वाळली.

महानंदाला हे सगळं माहीत होतं, तरी ती म्हणाली, "दोन झाडं काढली तर कुणाचा धूर वाढनार हाय, विरेश?"

"दोन झाडांनी काहीच होत नाही, आत्या. पण आपली दोन निघाली की प्रत्येकाची दोन निघतात. मग मी कुणाला कुठल्या तोंडानं थांबवू?"

द्वारकानं आधी मुलाची बाजू घेतली. गावात त्याच्या शब्दाला किंमत आहे, ती एका दिवसात घालवू नका, असं ती दिराला सांगावं तसं नवऱ्याला सांगत होती, लांबून आणि जपून. अव्वाची जागा अप्पांशेजारी आहेच की, बायकोला नवऱ्याजवळ ठेवायचं यात वावगं काय, असंही तिनं म्हणून बघितलं. महानंदा एवढंच म्हणाली, "वहिनी, शेवटची सहा वर्षं तिचं सगळं तुमी केलं. तुमाला ती काय म्हनायची?" द्वारकाचा चेहरा उतरला. अंथरुणाला खिळल्यावर अव्वा रोज सकाळी तिला एकच विचारायची, पट्टीतलं बेलाचं झाड केवढं झालं. द्वारका कधी बघायला गेलेली नव्हती; पण रोज एक हात वर करून दाखवायची, एवढं झालं. ती म्हणाली, "त्यांना जिथं जायचं हुतं तिथं न्या," आणि ओसरीत जाऊन अव्वाजवळ बसली.

आता विरेश एकटा पडला. बसप्पा बाहेर गेला आणि त्यानं ज्ञानोबाच्या हातातली कुदळ घेतली.

पट्टीकडं जाताना बसप्पा पुढं होता, मागं ज्ञानोबा, त्याच्या मागं विरेश आणि महानंदा. बायका खड्ड्याच्या जागी आधी जात नाहीत, पण आज महानंदाला कुणी अडवलं नाही. निम्म्या वाटेत ज्ञानोबानं बसप्पाला गाठलं.

"म्या काय बोलनार न्हाय, बसप्पाण्णा," तो म्हणाला. "माझ्या मोसंबीचं मनात नगा आनू. म्हातारी पुन्यवान हुती. तुमी खुशाल घ्या खड्डा."

बसप्पाला ते फार जड गेलं. ज्ञानोबानं चार शिव्या हासडल्या असत्या तर कुदळ हलकी झाली असती. वाळलेली मोसंबी तोडली तेव्हा त्यातली गाडीभर लाकडं त्यानं बिराजदारांकडं आणून टाकली होती, म्हातारीच्या आंघोळीच्या पाण्याला होतील म्हणून. हिवाळाभर अव्वा त्याच बागेच्या लाकडांवर तापलेल्या पाण्यानं न्हाली. पैसे घेतोस का विचारलं तर ज्ञानोबाला राग आला होता. ज्या माणसानं आपल्यामुळं बाग घालवली त्याच्यासमोर आपल्या झाडाला हात लावायचा, आणि ते त्यानं मोठ्या मनानं बघायचं, हे बसप्पाला सहन होईना. पण मागं फिरावं तर आई ओसरीत बसून होती.

पट्टीत झाडं डोक्यावर गेली होती. शिवणीची पानगळ सुरू झाली होती आणि खाली पाचोळ्याचा थर साचला होता. इतक्या वर्षांत या जमिनीवर पाचोळा कुणी बघितला नव्हता. कंपनीच्या झाडांच्या रांगा दोरी लावून सरळ होत्या. मधे एकच बेल रांग सोडून उभा होता. तो अव्वानं हट्टानं लावून घेतला होता, कुणी कारण विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही, कारण सगळ्यांना ते माहीत होतं. बेलाच्या दोन्ही अंगांना करंज. अव्वाला नीलाशेजारी बसवायचं तर ते निघणार होते आणि बेलाची मुळं तुटणार होती.

बसप्पानं धोतर खोचलं आणि कुदळ उचलली.

"मारा, बाबा," विरेश म्हणाला. "मी हात धरणार नाही. फक्त एक गोष्ट सांगायची राहिली. घरात सांगायला जीभ वळली नाही."

बसप्पा कुदळ धरून थांबला.

पट्टी अव्वाच्या नावावर होती, म्हणून कराराला अंगठा तिचा लागत होता. त्या दिवशी घरात दोघंच होते. विरेशनं तिला धुराचं, बाजाराचं सगळं सांगितलं आणि तिनं ते कानाआड केलं. पैशाचंही तिनं विचारलं नाही.

"तिनं विचारलं, 'हितं नांगर लागनार न्हाय?' मी म्हटलं, न्हाय. 'आन् कुदळ?' म्हटलं, कुदळ बी न्हाय, चाळीस वर्षं." विरेश थांबला. "मग म्हणाली, 'माझ्यासाठी बी न्हाय?'"

"तू काय म्हनलास?" महानंदानं विचारलं.

"म्हटलं, कुणासाठीच न्हाय, अव्वा."

"मग?"

"मग म्हणाली, 'बरं हाय. मग माझ्या लेकीला कोन उठवनार न्हाय.' आणि अंगठा पुढं केला."

महानंदा पाचोळ्यात खाली बसली.

जन्मभर तिला नीलाचा हेवा वाटत आला होता, आणि हेवा वाटतो याची लाजही. आईचा हात आधी आपल्याला लागला, म्हणून आपण आहोत आणि ती नाही. अव्वानं हे कधी तोंडातून काढलं नाही. पण दर नांगरटीला ती उठून पट्टीत जाऊन बसायची, तेव्हा घरी उरलेल्या महानंदाला वाटायचं, आई तिच्याजवळ बसली आहे, माझ्याजवळ नाही. मेल्यावरही तिला तिकडंच जायचं आहे. आज महानंदा भावाशी, भाच्याशी भांडली तीही त्याच जुन्या देण्यापायी. निदान आता तरी आईला तिच्या लेकीजवळ पोचवू, म्हणजे आपण सुटू. आणि अव्वानं तर तेही सोडून दिलं होतं. नीलाच्या अंगावरची माती कुणी उकरू नये म्हणून तिनं स्वतःची जागा देऊन टाकली होती, आणि त्यानंतरही लेकरांसमोर तेच म्हणत राहिली होती, मला नीलाजवळ ठेवा. होणार नाही हे माहीत असूनही ती म्हणत होती. कदाचित म्हणायला तेवढंच उरलं होतं.

"अण्णा, कुदळ ठेवा," महानंदा म्हणाली.

"तिची विच्छा हुती गं."

"हीच तिची विच्छा. तिनं ठरवून दिलंय. आपुन मोडायचं न्हाय."

बसप्पानं कुदळ टाकली आणि पन्नाशी उलटलेला तो माणूस बेलाच्या झाडाला धरून लहान पोरासारखा रडला. ज्ञानोबानं वाकून कुदळ उचलली. तो रुद्रभूमीकडं चालू लागला, आणि बाकीचे त्याच्या मागं गेले. महानंदानं निघताना बेलाची एक डहाळी तोडून घेतली. या पट्टीत पान तोडलं तरी हटकणारा विरेश तेव्हा दुसरीकडं बघत होता.

दुपार कलताना अव्वाला अप्पांशेजारी बसवलं. स्वामींनी विभूती वाहिली, महानंदानं बेल वाहिला, आणि एकेकानं मूठ मूठ माती लोटली. गावाला त्यात काहीच वेगळं दिसलं नाही. नवऱ्याजवळ गेली, सोनं झालं म्हातारीचं, असं बायका एकमेकींना सांगत परतल्या. पट्टीत काय झालं ते ज्ञानोबानं कुणाला सांगितलं नाही.

सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर विरेश घरामागं कपडे वाळत घालत होता, तेव्हा पुण्याच्या साहेबांचा फोन आला. सकाळपासूनचे सगळे फोन आत्ता बघितले, म्हणून ते हळहळत होते. माणूस वाईट नव्हता. विरेशनं झालेलं थोडक्यात सांगितलं.

"अरे, पण तिथंच पुरायचं होतं ना त्यांना," ते म्हणाले. "शंभरातली वीस-पंचवीस झाडं मरणार हे आपण पहिल्या दिवसापासून धरूनच चालतो. दोन झाडांचं काय एवढं? आजीची समाधी म्हटल्यावर कोण नाही म्हणणार होतं?"

विरेशच्या हातात ओला टॉवेल होता. त्यानं विचारलं, "आणि पाइपलाइनची चारी असती तर?"

"आधी कळवलं असतं तर तेवढी पट्टी नकाशातून वगळली असती. का? कुणी विचारलं होतं का?"

विरेश म्हणाला, कुणी नाही, सहज. साहेबांनी घरच्यांना धीर द्यायला सांगितलं आणि फोन ठेवला. विरेशला त्यांचा राग येईना. रागवायला समोर कुणी नव्हतंच. कंपनीनं त्याला कधी कुदळीचं काही सांगितलं नव्हतं. ते वाक्य त्याचं होतं. ज्ञानोबाकाकाला तो नाही म्हणाला तेव्हा त्यानं पुण्याला एक फोन केला नव्हता, आणि अव्वा समोर बसून विचारत होती तेव्हाही नाही. माझ्यासाठी बी न्हाय? तिनं जन्मात कुणाकडं एवढं एकच मागितलं होतं, आणि ते द्यायला कुणाचीच हरकत नव्हती.

शेजारच्या घरातून चहा आला होता. महानंदा दोन कप घेऊन मागं आली आणि त्याच्याजवळ धुण्याच्या दगडावर टेकली. दिवसभरात पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला होता, आणि आता ती आईसारखी दिसत होती.

"कुनाचा फोन?"

"ऑफिसचा."

"काय म्हनत्यात?"

विरेशनं टॉवेल तारेवर टाकला, त्याची टोकं सारखी केली.

"म्हणाले, बरोबर केलं."

महानंदानं मान हलवली. तिला तेच ऐकायचं होतं. ती हळूहळू बोलत राहिली, की आज पट्टीत ते कळलं नसतं तर मी मरेस्तोवर कुढत राहिले असते. अव्वा हट्टानं गेली नाही, समजून-उमजून गेली, यात माझं सगळं आलं. मग तिनं विरेशच्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा.

"तू हुतास म्हनून तिला कुनाला तरी विचारता आलं रं," ती म्हणाली.

विरेश मान खाली घालून चहा प्यायला.